माळवदावरचा राजा

भास्कर, लेका, तू गेल्यापासून मी छताखाली जेवत नाही. ताट घेऊन अंगणात बसतो. ऊन चढलं की डोक्यावर टॉवेल घेतो, पण आत जात नाही. आमची बायको हिरा म्हणते, "साऱ्या तालुक्याला मंडप घालनारा मानूस, अन् सोताच्या घरात शिरायला भितोय." भितोच. मंडपाचं कापड अंगावर पडलं तर माणूस शिव्या देत बाहेर येतो. मातीच्या छताचं माळवद अंगावर आलं तर काय होतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि तू सांगायला नाहीस.

शाळेनं तुझी शोकसभा घेतली. हेडमास्तरांनी तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, बदल्या असं सगळं कागदावरून वाचलं. माइक माझा, भोंगा माझा, खुर्च्या माझ्या. मग म्हणाले, आता गुरुजींचे बालमित्र बबनराव दोन शब्द बोलतील. मी उठलो, माइक हातात घेतला, फुंकर मारली आणि खाली बसलो. मी गप्प बसल्याचं बघून दोघीतिघींना भोवळ आली, असं मी आता सांगतो. तसं काही झालं नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघत होते.

तिथं जे बोललो नाही ते इथं बोलतो.

आपल्या भागातली जुनी घरं माळवदाची. भिंतींवर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर तुराट्या आणि सगळ्यांच्या वर पांढरी माती. ही माती गावाच्या खालच्या अंगाला जे टेकाड आहे तिथली. कुण्या काळी तिथं वस्ती होती, ती उजाडली, तिची माती झाली. ती पाणी झिरपू देत नाही म्हणून गावानं पिढ्यान्पिढ्या उकरून आपापल्या छतावर नेली. दर उन्हाळ्यात नवा थर. जुना काढायचा नाही, वर चढवत जायचं. आमच्या माळवदावर तर एवढी माती साठली होती की माझा बाप त्यावर भुईमूग घ्यायचा.

"भुईमूग न्हाई, बब्या," तू म्हणायचास. "गवत."

बरं, गवत.

एका पावसाळ्यात आमच्या पन्हाळीतून ती माती वाहून खाली आली आणि तिच्यात तुला एक नाणं दिसलं. तांब्याचं, नखाएवढं, हिरवंगार पडलेलं. हिरानं ते उचललं आणि चिंच घेऊन धावत आली. अशी नाणी गावात आधीही सापडली होती आणि ज्या घरी सापडली त्या घरच्या बाईनं ती चिंच-राखेनं घासून, लखलखीत करून देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी ठेवली होती. नाणी चकाकत होती आणि त्यांच्यावरची अक्षरं मोरीतून वाहून गेली होती. तू हिराच्या हातातून ते असं हिसकावलंस की तिला वाटलं गुरुजींना वेड लागलं. तिला बरोबर वाटलं होतं.

पुण्याला जाणकारांना दाखवून तू ते परत आणलंस आणि माझ्या ओट्यावर बसून मला समजावलंस. एका बाजूला हत्ती. दुसऱ्या बाजूला जुन्या ब्राह्मी लिपीत आधी 'राजाचे' असा शब्द, मग 'क' हे अक्षर, आणि पुढं झीज. दोन अक्षरं मावतील एवढी जागा होती, अक्षरं नव्हती. सातवाहनांच्या आगेमागे इकडे कुणी बारका राजा होऊन गेला आणि त्यानं नाणं पाडलं, यापलीकडे त्याच्याबद्दल काही नाही. पोथीत नाही, लेण्यात नाही, कुठल्या शिलालेखात नाही. त्याच्या दोन अक्षरांसाठी तू वेडा झालास, आणि मी त्याला कामाला लावला.

वऱ्हाड उशिरा आलं की माइकवर वेळ काढायला मी राजाला बाहेर काढायचो. आपल्या राजाचा हत्ती नदीवर पाणी प्यायला लागला की खालच्या गावच्या विहिरी तळ दाखवायच्या. राजाच्या मिशांची टोकं धरायला दोन नोकर. राजा जेवायला बसला की भाकरी थापणाऱ्या बायका पाळीनं बदलायच्या. आणि तू मागं, मांडवाच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून ओरडायचास, "पुरावा?"

"पुरावा माझ्या घरावर हाय! शिडी आन अन् बघ!"

"चढू दे की मग!"

तिथं मात्र मी नवऱ्या मुलाच्या मामाला माइकवर बोलवायचो. आपलं भांडण हे एवढंच, वर्षानुवर्षांचं. तुला माझ्या माळवदाची माती चाळायची होती. राजा माझ्याच पन्हाळीतून आला होता, म्हणजे त्याचा जोडीदार, अक्षरं शाबूत असलेला, तिथंच कुठंतरी असणार, असा तुझा हिशोब. आणि मला माझ्या बापाच्या छताला कुणी बोट लावलेलं नको होतं. लोकांना वाटायचं मी राजावर हक्क सांगतोय. मीही तसंच सांगायचो. खरं म्हणजे त्या तुळया माझ्या बापाच्या लग्नाआधीपासून कुरकुरत होत्या आणि मला लहानपणापासून त्यांची भीती वाटायची. वारा आला की वरून माती गळायची, सर्र. मी पांघरूण डोक्यावरून घ्यायचो.

टेकाड तुमच्या राजवाड्याला लागून. गावकुसाबाहेरच्या तुमच्या वस्तीला राजवाडा म्हणायची इकडची रीत, आणि म्हणणारे ते कोणत्या तोंडानं म्हणतात ते आपल्या दोघांना ठाऊक. चावडीवर एकानं तुला टोमणा मारला, "काय गुरुजी, राजवाड्यात राजा घावला म्हनं!"

"घावला न्हाई, व्हताच," तू चहा फुंकत म्हणालास. "आमच्या आज्यानं डोक्यावर वाहून तुमच्या घरावर नेऊन ठिवला."

तो माणूस अर्धा चहा टाकून उठला. मी एवढा हसलो की चावडीचा कौलारू कोपरा हलला. मग घरी आलो, आडवा पडलो, वर बघितलं आणि हसू आटलं. ती पाटी पाटी माती तुझ्या आज्यानं वाहिली होती, गावकीचं काम म्हणून, फुकट, तुम्ही बौद्ध होण्याच्या आधीच्या काळात. त्याचं नाव आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. त्याची माती आमच्या डोक्यावर होती.

नगरच्या वाचनालयातून तू ते जाडजूड पुस्तक आणलंस ती संध्याकाळ मला अजून सोडत नाही. तुर्कस्तानाकडे फार पूर्वी हित्ती म्हणून लोक होऊन गेले, असं तू वाचून सांगत होतास. त्यांच्यातला कुणी राजा. त्याची लढाई माहीत नाही, राणी माहीत नाही, मेला कसा ते माहीत नाही. फक्त मातीच्या एका गोळ्यावर त्याच्या शिक्क्याचा ठसा राहिलाय. गोळा कच्च्या मातीचा, विरघळूनच जायचा. पण ज्या घरात तो होता ते घर जळून पडलं आणि गोळा विटेसारखा भाजून निघाला. म्हणून नाव राहिलं.

"म्हणजे बघ बब्या," तू म्हणालास, "घर पडलं म्हणून राजा सापडला."

"गप रे! दिवेलागणीला असलं बोलू नको. वास्तू तथास्तु म्हणते."

तू हसून हसून पुस्तक मिटलंस. "तुझी वास्तू मराठीत ऐकती का ब्राह्मीत?"

मी पण हसलो. पण तू गेल्यावर हिराला सांगून उंबऱ्यावर मीठ ओवाळून टाकलं. तुला ते कधी सांगितलं नाही, तू महिनाभर माझी टर उडवली असतीस.

मग किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याकडे मांडणीवरची भांडी वाजली, खुंटीचा कंदील हलला, एवढंच. पण दोन दिवसांनी पेपरात तिकडचे फोटो आले. तिकडची घरंही आपल्यासारखीच, दगड-मातीची, वर हातहात जाड माती. तो पेपर चावडीवर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. त्या दिवसापासून गाव वर बघत जेवायला लागलं. माझे लग्नाचे लाल-पिवळे मंडप मी गावठाणाच्या मैदानात लावले आणि सगळे तिथं झोपायला आले. भूकंप मी टाच रोवून दाबून धरला म्हणून आपल्याकडे कमी बसला, असं मी पोराबाळांना सांगत होतो. सांगताना दात वाजत होते. थंडी नव्हती.

त्या भीतीत गावानं माळवदं उतरवायला काढली. माती खाली, वर पत्रे. आणि अख्ख्या भेदरलेल्या गावात तू एकटा उत्साहात. वाळूची चाळणी घेऊन या घरून त्या घरी. शाळा सुटली की गुरुजी कुणाच्या तरी अंगणात मातीत माखलेले. "बब्या, आज्यानं वर नेलेलं मी खाली आणतोय," म्हणायचास. तुला मणी सापडले, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे सापडले, मातीचं एक चाक सापडलं, पोराच्या खेळण्यातलं असावं असं. दुसरं नाणं नाही सापडलं.

"बब्या, तुझं कधी?"

"पाडव्याला."

"पाडवा कुठला, ते बोल."

हे आपलं शेवटचं बोलणं. शोभतं का, सांग? एवढ्या वर्षांची दोस्ती आणि शेवटाला पाडवा.

मी पाथर्डीला मांडव घालायला गेलो होतो. चहाच्या टपरीवर आपल्या गावचा टेम्पोवाला भेटला. म्हणाला, "गुरुजी गेले. माळवदासंगं खाली आले."

मी हसलो. "हान लेका," म्हणालो. आयुष्यभर लोकांना थापा ऐकवल्या, आणि मला कुणी ऐकवतोय म्हणून मला कौतुक वाटलं. मग त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी अर्धा मांडव तसाच सोडून त्याच्या टेम्पोत चढलो.

काय झालं ते नंतर कळलं. तू ज्या घरी माती चाळत होतास त्या घरानं शिडी लावली होती पूर्वेला, आणि सोपं पडतं म्हणून माती पण पूर्वेकडूनच काढत गेले. ती बाजू हलकी झाली, पश्चिमेची तशीच जड राहिली. हे तूच घरोघर ओरडून सांगत होतास, "दोन्हीकडून सारखी काढा रे, न्हाईतर तुळई फिरंल." तू तेच सांगायला वर गेलास. तुळई फिरली.

त्या दिवसापासून मला भीती वाटते, भास्कर. सांगतो काय काय. वास्तूनं त्या संध्याकाळी ऐकलं असेल, ही एक. तू असतास तर 'पुरावा?' म्हणून ओरडला असतास, आता ओरडायला कुणी नाही म्हणून ती जास्तच वाटते. दुसरी त्याहून वाईट. मध्यंतरी तिसगावच्या बाजारात एकजण तुझी गोष्ट सांगत होता. गुरुजींच्या मुठीत सोन्याचं नाणं होतं, लांब मिशांचा राजा हत्तीवर बसून आला आणि गुरुजींना घेऊन गेला. लोक माना डोलावत होते. तो हत्ती माझा होता. मिशा पण माझ्याच. मी गर्दीतून मागच्या मागं सरकलो आणि घर गाठलं. तू मण्याच्या भोकातला मातीचा कण दाभणानं काढणारा माणूस. तुझं असं होणार?

घरी भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला होता. दत्तू, धाकटा. त्याला सगळं लवकर हवं असतं.

"दादा, तुळईला साखळी बांधतो, एक हिसका. पाच मिन्टात माळवद भुईला. वर चढायचं काम न्हाई, मरायचं काम न्हाई."

हिरा म्हणाली, "ऐका त्याचं. भास्करभाऊजी त्यातच गेले न्हवं?"

दोघांचं बरोबर होतं. साखळीनं ओढलं असतं तर दगड, लाकूड, माती सगळं एक झालं असतं आणि त्यात तुझा राजा असता तर कायमचा गाडला गेला असता. हातानं काढायचं तर वर जायला हवं होतं. मी म्हणालो, "हातानं काढू." माझा आवाज मलाच परका वाटला. दत्तू म्हणाला, "दादा, थापा मारायची ही येळ न्हाई." त्याला वाटलं मी नेहमीसारखा बोलतोय. वाटणारच.

मांडवाचा दोर कमरेला बांधला, दुसरं टोक लिंबाला. शिड्या दोन लावल्या, पूर्वेला आणि पश्चिमेला. खाली सगळी आळी जमली, मी काहीतरी भारी बोलणार म्हणून. वर गेलो तेव्हा उभं राहता आलं नाही. पालीसारखा पोटावर पडलो आणि मातीला गाल लावून तसाच राहिलो. मातीखाली तुळई कुरकुरली. खालून कुणीतरी ओरडलं, "बबनराव, राजा दिसतो का?" एरवी मी राजाची सगळी फौज दाखवली असती. आता मातीत बोटं रुतवून धरली.

मग डोकं कडेला काढून खाली बघितलं तर तुझी बायको, आमच्या सुमनवहिनी, फाटकातून आत येत होत्या. तुझी चाळणी घेऊन. पांढरी साडी, पदर खोचलेला. अंगणात बसल्या, चाळणी मांडीसमोर धरली आणि वर बघितलं. त्या बघत असताना पालीसारखं पडून राहणं जमेना. मी पहिलं घमेलं भरलं.

एक घमेलं पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून. तू सांगायचास तसं. दत्तूनं थोडा वेळ शिव्या दिल्या, मग तोही दुसऱ्या शिडीवर चढला. वहिनी चाळत होत्या, हिरा त्यांना पाणी देत होती. तुळई कुरकुरली की मी डोळे मिटायचो आणि हात चालूच ठेवायचो. मणी निघाले. बांगडीचा तुकडा निघाला. हिरानं एक हिरवट खापरी उचलली आणि सवयीनं चिंचेकडे वळली. वहिनींनी तिचा हात धरला आणि खापरी मण्यांशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुराट्या दिसायला लागल्या, तेव्हा माझा जीव कासावीस झाला. भीती तुळईची नव्हती. माती संपत आली होती.

शेवटचं घमेलं मी स्वतः खाली नेलं. वहिनींनी चाळलं. चाळणीत खडे राहिले. त्या खडे बोटानं इकडे-तिकडे करत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बबनभाऊ, वर काय ऱ्हायलं का? तुमच्या हाताला काय लागलं का?"

भास्कर, माझ्याकडे नावं तयार होती. 'क'वरून सुरू होणारी, तीन अक्षरी, एकाहून एक राजेशाही. गेली कित्येक वर्षं मी ती मनात घोळवत आलोय. मूठ बंद करून म्हणायचं होतं, वहिनी, सापडलं, ह्या हातानं अक्षरं वाचली, पण नाणं निसटून दगडात गेलं. त्या बाईला तेवढं पुरलं असतं. तू फुकट गेला नाहीस, असं वाटलं असतं. अख्खी आळी टाळ्या वाजवायला उभी होती.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "काय न्हाई घावलं."

आळी हिरमुसली. कुणीतरी म्हणालं, "दडवतोय." वहिनी उठल्या. पदरानं चाळणी पुसली.

"ते म्हनायचे," त्या म्हणाल्या, "बबन व्हय म्हनला तर तपासून बघावं. न्हाई म्हनला तर खरं."

हे तू कधी म्हणालास? माझ्या तोंडावर का नाही म्हणालास, हरामखोरा? त्या चाळणी घेऊन गेल्या. मणी आणि तुकडे मी त्यांच्याबरोबर दिले, कोणते कुठल्या कोपऱ्यातून निघाले ते सांगून. ते सांगताना एक गोष्टसुद्धा वाढवली नाही, म्हणून चार वाक्यांतच संपलं.

आता घरावर काही नाही. पत्रे आणायचे आहेत. बापाच्या भिंतींमध्ये ऊन येतं आणि मी तरीही अंगणातच जेवतो. बाजारात माणसं विचारतात, राजाचं नाव काय निघालं. अजून विचारतील. मी म्हातारा होईन, डोकं ढिलं होईल, आणि एखाद्या लग्नात वऱ्हाड उशिरा येईल, माइक हातात असेल. तेव्हाही मला म्हणता यायला हवं, की राजाचं नाव मला माहीत नाही, आणि ते जो शोधत होता त्याचं नाव भास्कर. एवढंच म्हणून थांबता यायला हवं. थांबता येईल का, याचीच भीती वाटते, गड्या.